शिकवणे : अर्थ पहिला

गठ्ठा माझ्याकडेच येतोय असं समजून मी हात पुढे केला होता. सर आपल्या खोलीतून खाली आले, दोन्ही हातांत कार्डांचा तो जाडजूड गठ्ठा, त्याला आडवी-उभी सुतळी, आणि आमच्या टेबलापाशी येऊन थांबले. मी चष्मा वर सरकवला, हात पुढे केला, आणि गठ्ठा माझ्या हातावरून पलीकडे गेला. पलीकडे म्हणजे नवीच्या पुढ्यात. "शिकवणे तू कर," सर तिला म्हणाले, आणि मग मी तिथे सहज कुणाला भेटायला आले असावे तसं माझ्याकडे बघून "काय, ताई?" म्हणाले आणि गेले. माझा हात अजून तसाच. असा हवेत राहिलेला हात मागे कसा घ्यायचा हे कोणी कोणाला शिकवत नाही. मी तो आणखी पुढे नेला आणि टाचण्यांची डबी उचलली. डबी उचलली म्हणजे टाचणी घेणं आलं, टाचणी घेतली म्हणजे कागद हवेत. समोरचे दोन कोरे कागद मी एकमेकांना नीट टाचले आणि बाजूला ठेवले. नवीने हे पाहिलं की नाही, देव जाणे. घशाने मात्र पाहिलं. घसा म्हणजे आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत उच्चारांचं काम बघणारे गृहस्थ. दिवसभर खाकरत असतात म्हणून त्यांचं हे नाव. ते भिंतीकडे तोंड करून बसतात, पण त्यांना दिसत नाही असं काही नाही. ते खाकरले आणि परत कामाला लागले.

नवी आता काही नवी राहिलेली नाही, तिला येऊन चार वर्षं होत आली. पहिल्या दिवशी दारात उभी राहून ती नुसतं "मी नवी" एवढंच पुटपुटली होती, ते तिला कायमचं चिकटलं. तिला माझ्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं, म्हणजे शिकवायला माझ्याकडे दिलं. आमच्याकडे तशीच रीत आहे. येणारा माणूस कुणाच्या तरी टेबलाचा होतो, त्याची प्रत्येक नोंद आधी त्या टेबलावरून जाते आणि मग वर सरांकडे, आणि हे चालतं त्याचं पहिलं मोठं क्रियापद पार पडेपर्यंत. मोठं म्हणजे ज्याची कार्डं एका हातात मावत नाहीत. ते पार पडलं की माणूस सुटा होतो आणि वरच्या मजल्यावर त्याला स्वतःची खोली मिळते, खिडकीवाली. मी केव्हाच सुटी झालेय. पण वर गेले नाही, कारण तेव्हा सर म्हणाले होते, "ताई, तुमच्यासारखं शिकवणारं आहे कोण? तुम्ही खालीच हव्यात." ही शाबासकी आहे असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. माझ्यासमोर बसून पाच-सहा जण वर गेले. जिन्याने जाताना प्रत्येकाने माझे आभार मानले, एकाने तर वाकून नमस्कार केला, आणि मग ते वरून खाली फारसे आले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगते, त्यांच्या बाबतीत नाही वाटलं.

शिकवणे हा शब्द माझा होता. आमच्याकडे शब्दांवर कुणाचा हक्क नसतो, पण कोणता शब्द कोणाला शोभेल हे सगळ्यांना ठाऊक असतं. खाकरणे घशाने केलं, त्यावर कोण वाद घालणार? तसं शिकवणे माझं. किती वर्षं मी त्याची कार्डं जमवतेय. आमचं काम असं की पुस्तकातून आणि लोकांच्या तोंडून वाक्यं टिपायची, एका कार्डावर एक, कुणी म्हटलं, कुठे म्हटलं. पर्समध्ये पैसे ठेवायला मी विसरेन, पण कोरं कार्ड विसरणार नाही. दवाखान्यात एका बाईने पोराला दटावलं, "हे असं बोलायला तुला कोणी शिकवलं?", ते टिपलं. नणंद फोनवर म्हणाली, "तिला तिच्या आईने शिकवून पाठवलंय," ते टिपलं. दुकानदार माझ्यावरच खेकसला, "बाई, मला धंदा शिकवू नका," तर त्याच्याशी भांडण अर्धवट सोडून मी दुकानाबाहेर येऊन ते उतरवून घेतलं. त्या गठ्ठ्यातली निम्मी कार्डं माझ्या अक्षरातली आहेत. आणि आता नवी त्यांची सुतळी सोडत होती, गाठ न कापता, नखाने हलकेच, जशी मी तिला सोडायला शिकवली होती.

म चा खंड चालू होता तेव्हा मत्सर मी केला होता. दुसऱ्याचे चांगले न साहणे, असं लिहिलं होतं, आणि बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. केवढं कोरडं लिहिलं होतं मी. गठ्ठा नवीकडे गेला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला, कारण खरंच पोटात दुखत होतं, डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली. लोक पोटात दुखतं म्हणतात ते काही उगाच म्हणत नाहीत. समोर नवी कार्डं मांडत होती. आधी सगळी एकदा वाचून काढायची, मग टेबलावर पसरायची, एकमेकांच्या जवळ जातील तशी जाऊ द्यायची, आपण ढकलायची नाहीत. हे माझं. सुंदर वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही, ते बहुतेक वेळा शब्दाचं नसून बोलणाऱ्याचं असतं, हेही माझंच. अर्थ सुचला की लगेच लिहायचा नाही, एकदा खिडकीपर्यंत जाऊन यायचं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. तिच्या चालण्यातसुद्धा मी होते. आणि तरी तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दोन दिवसांत तिने मला एकच गोष्ट विचारली, "ताई, टाचणी आहे का?"

शब्द आला कुठून ते तर मीच तिला सांगितलं होतं. एकदा वीज गेली होती, खोलीत दिसेना म्हणून आम्ही दोघी जिन्यात उजेडाला येऊन बसलो होतो आणि मी आपलं बोलत होते. शिकवणे हे शिकणेवरून, शिकणे प्राकृतातल्या सिक्खवरून, ते संस्कृतातल्या शिक्ष् वरून, आणि त्याच्याही मागे जाणकार लोक शक् दाखवतात, शक्य मधला शक्. शक् म्हणजे जमणे. शिक्ष् म्हणजे जमावं असं वाटणे. म्हणजे शिकणाऱ्याच्या मुळाशी विद्या नाही, पुस्तक नाही, गुरू तर नाहीच नाही. नुसतं वाटणं आहे, मलाही हे जमावं. नवी ऐकताना पायरीवरचा पोपडा नखाने काढत होती. म्हणाली, "म्हणजे ताई, ज्याला वाटतच नाही त्याला शिकवताच येत नाही." मी म्हटलं, "आणि ज्याला फार वाटतं त्याला शिकवावं लागत नाही." आम्ही दोघी हसलो होतो. वीज आली तरी बसून राहिलो होतो. मला मुलगी नाही. असती तर ती माझ्याजवळ अशी बसली असती की नाही सांगता येत नाही, मुली आयांजवळ बसतात असा माझा अनुभव नाही.

आई घरी शिकवण्या घ्यायची. बाहेरच्या खोलीत सतरंजी, तिच्यावर आजूबाजूची मुलं, आणि आई मध्ये मांडी घालून. मी आतल्या खोलीत. दाराच्या फटीतून मला तिची पाठ दिसायची आणि समोरच्या मुलांची तोंडं. तिचा तो बाहेरच्या खोलीतला आवाज मला कधी मिळाला नाही. घरातला आवाज वेगळा होता, उरका, चला, हे काय असं. बाहेर ती एकेका पोराला म्हणायची, "चुकलं? चुकू दे. परत कर बघू." एक मुलगी होती, तिला मी मनात मठ्ठी म्हणायचे. तिला काही म्हणता काही येत नसे. हातचा घ्यायला विसरायची, रोज. आणि आई तिच्या हातावर हात ठेवून पेन्सिल चालवायची, तिचं डोकं जवळजवळ आईच्या खांद्याला टेकलेलं असायचं. मी एकदा मुद्दाम सगळी गणितं चुकवून वही आईपुढे नेली. आईने वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोंगं करू नकोस. तुझं तुला येतं." झालं. माझं मला येतं. वर्गात पहिली आले तेव्हाही तेच, तिचं तिला येतं हो, असं ती शेजारणींना सांगायची, आणि सांगताना तिला अभिमान वाटायचा हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की मठ्ठीला आई मिळते आणि मला मिळत नाही. मठ्ठी आजारी पडली की मला आनंद व्हायचा. पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती मठ्ठी भेटायला आली, चांगली डॉक्टरीण झालेली, मोठी पर्स घेऊन, आणि आईच्या हातावर हात ठेवून रडली. आईने तिला ओळखलं. मला त्या आठवड्यात ती नर्स समजत होती. आजारी माणसाचा काय राग धरायचा. मी मठ्ठीला चहा करून दिला, साखर न घालता.

संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. तो दातांच्या कवळ्या बनवतो, आमच्या मागच्या खोलीत त्याचं काम चालतं. दिवसभर लोकांचे जबडे बघून त्याला कोणाच्या तोंडाकडे बघायची हौस उरलेली नसते. तो एक कवळी कानशीने घासत होता. "शिकवणे तिला दिलं," मी म्हटलं. "मग?" तो म्हणाला. "मग काय मग? माझा शब्द होता." त्याने फुंकर मारून भुकटी उडवली. "तिला शिकवलं कोणी?" "मी." "झालं तर. ती करेल ते चांगलंच होईल आणि नाव तुझं होईल." "असं नुसतं म्हणायचं असतं," मी म्हटलं, "नाव कुणाचं होत नाही." तो म्हणाला, "तू शिकवताना हात आखडता घ्यायला हवा होतास. थोडं स्वतःकडे ठेवायचं." तो चेष्टा करत होता. मला ती चेष्टा वाटली नाही, मी रात्रभर हिशेब मांडत होते की स्वतःकडे काय ठेवलंय, आणि काहीच सापडेना. सगळं देऊन बसले होते बाई. टाचणीसुद्धा.

त्या आठवड्यात नवी दोनदा वर सरांकडे गेली. आमच्या जिन्याला लाकडी पायऱ्या आहेत, कोण चढतंय ते पावलांवरून कळतं. दुसऱ्या वेळी ती बराच वेळ खाली आली नाही आणि वरून सरांचं हसणं ऐकू आलं. सर हसतात हे मला माहीत होतं, पण ते मोठ्यांदा हसतात हे नव्हतं माहीत. मी घशाकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो, ताई. पोसलीत चांगली." मी म्हटलं, "पोसायला ती काय मांजर आहे?" ते खाकरले. मग मला कळेना मला राग कोणाचा येतोय. नवीचा येतोय कारण सर तिच्याशी हसतात, की सरांचा येतोय कारण नवी त्यांच्याजवळ बसलीये. दोन्ही बाजूंनी मीच जळत होते. सर या खंडानंतर निवृत्त होणार, वरच्या खोल्यांपैकी एक रिकामी होती, आणि ती द्यायची तर आता, त्यांच्या हाताने. नंतर येणारे नवे लोक वरचा मजला ठेवतील की काढतील कुणास ठाऊक. म्हणजे शिकवणे पार पडलं की नवी वर. नाही पडलं तर माझ्या टेबलावर, समोर, बहुतेक मी निवृत्त होईपर्यंत. ती खाली आली, गालांवर हसू अजून शिल्लक, आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही जेवलात?" मी म्हटलं, "आमची काळजी करू नकोस." तिला लागलं असावं. लागू दे, असं वाटलं, आणि लगेच तिच्याकडे आपला डबा सरकवावासा वाटला. सरकवला नाही.

बुधवारी वाचन असतं. लांबट खोलीत सगळे बसतात आणि पूर्ण झालेल्या नोंदी मोठ्याने वाचल्या जातात. ज्याची नोंद त्याने वाचायची नाही आणि बोलायचंही नाही. ज्याने त्याला शिकवलं त्याने वाचायची. ऐकणाऱ्यांपैकी जुन्या कुणाला काही खटकलं तर तो टेबलावर हात ठेवून "अडलं" म्हणतो. कारण सांगायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही. कानाला आधी कळतं, कारण मागून सापडतं, असं सरांचं मत, आणि त्यांनीच ही रीत घातली. अडलेली नोंद टेबलावर परत येते, शिकवणारा आणि शिकणारा मिळून अडलं कुठे ते शोधतात, आणि ती या खंडात न जाता सगळे खंड संपल्यावर निघणाऱ्या पुरवणीत जाते. आजवर अडलं म्हणणाऱ्याने उगाच म्हटलंय असं कुणाच्या मनातसुद्धा आलेलं नाही. ज्या गोष्टीचं कारण द्यावं लागत नाही ती माणसं फार जपून करतात.

नवीने कागद माझ्या हातात दिला तेव्हा तिची बोटं गार होती. ती भिंतीशी जाऊन बसली, हात गुडघ्यांत. मी वाचायला लागले. माझा आवाज चांगला आहे, घसासुद्धा कबूल करतात. आधी व्युत्पत्ती. तिने सगळं जिन्यातलं घेतलं होतं, शिक्ष्, शक्, पण किती नेटकं. मी अर्धा तास बोलले होते ते दीड ओळीत. मग अर्थ पहिला. मी वाचलं, "एखादी गोष्ट दुसऱ्याला आपल्यावाचून करता येईल असे करणे." वाचलं आणि पुढे जावं लागलं, कारण वाचणाऱ्याला थांबता येत नाही. अर्थ दुसरा, वळण लावणे. अर्थ तिसरा, बोलण्यासाठी आधीपासून पढवून ठेवणे, खाली माझ्या नणंदेचं वाक्य. अर्थ चौथा, धमकी किंवा उपरोध, खाली माझा दुकानदार. तोंड वाचत होतं आणि मी मागे पहिल्या अर्थापाशीच होते. आपल्यावाचून. एवढी वर्षं एवढी कार्डं जमवून मला तो शब्द सुचला नव्हता. मला सुचलं असतं ते सगळ्या कोशांत आहे तेच, ज्ञान देणे, येईल असे करणे. तिने एक शब्द घातला होता आणि सगळा अर्थ सरळ उभा राहिला होता. मला आनंद झाला. हे खोटं नाही, एक क्षणभर मला अगदी ऊर भरून आल्यासारखं झालं, जसं आपलं पोर रस्ता एकटं ओलांडतं तेव्हा होत असेल. आणि त्याच्या मागोमाग असं वाटलं की हिने भर सभेत, माझ्याच आवाजात, मला निरोप दिला.

वाचून झालं. खोलीत कुणी काही बोलेना, चांगल्या नोंदीनंतर बोलत नाहीत तसं. सर हनुवटीवर बोट ठेवून बसले होते आणि हसरे दिसत होते. घसा मान हलवत होते. नवी जमिनीकडे बघत होती. आता सर "पुढची" म्हणणार, की झालं, संध्याकाळी ती आपली पेन्सिल, आपला पाण्याचा ग्लास, तो निळा रुमाल उचलणार, आणि जिन्याशी थांबून माझे आभार मानणार. आभारांचं ते वाक्यसुद्धा मला ऐकू यायला लागलं. मी कागद खाली ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवला. वाचणाऱ्यानेच म्हणायचं असं आजवर झालं नव्हतं, पण तशी मनाईही नव्हती.

"अडलं," मी म्हटलं.

घसा खाकरले नाहीत. सरांनी बोट हनुवटीवरून काढलं आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना विचारायचं होतं हे मला दिसत होतं, पण रीत त्यांचीच होती. "बरं," ते म्हणाले, "मग पुरवणीत. ताई, बघा दोघी मिळून. पुढची घ्या." मी नवीकडे पाहिलं. आठवडाभर मी तिच्या रागाची तयारी करत होते. ती चिडली असती, रडली असती, वर जाऊन सरांपाशी माझी तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं, मी तिला चांगलं सुनावलं असतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती, काय राहिलं असेल बरं माझ्याकडून, एवढीच.

दुपारी तिने खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आणून ठेवली. पहिल्या वर्षी काही अडलं की ती अशीच माझ्या बाजूला येऊन बसायची, मग केव्हातरी पलीकडे बसूनच तिला सगळं यायला लागलं. कागद आमच्या दोघींमध्ये होता. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता.

"कुठे अडलं, ताई?"

"तूच बघ," मी म्हटलं. स्वतःला ठाऊक नसलं की मी पूर्वीही हेच म्हणायचे, आणि ती ते शिकवणं समजायची.

ती बघायला लागली. ओळीवर पेन्सिल ठेवून सावकाश, एकेक शब्द. तिसऱ्या अर्थापाशी थांबून म्हणाली, "हे पढवून ठेवणे जरा जड होतं का?" मी म्हटलं, "हं." तिने बदललं. आधीचंच चांगलं होतं. चौथ्यातलं उपरोध काढू का म्हणाली, मी म्हटलं राहू दे, आणि तिने "बरं" म्हणून मान हलवली, अगदी मन लावून. मला बोलावंसं वाटायला लागलं. मी तिला उपरोध आणि धमकी यांतला फरक समजावून सांगितला, दोन उदाहरणं दिली, तिला हसवलं. ती लिहून घेत होती. माझं पोट दुखायचं थांबलं होतं हे माझ्या लक्षात आलं. मग तिची पेन्सिल पहिल्या अर्थावर आली.

"इथे आहे का?" तिने विचारलं. "आपल्यावाचून?"

मी गप्प राहिले. गप्प राहणं पुरलं असतं, पण मी बोलले. "जरा जास्त होतंय ते," मी म्हटलं. "शब्दाचं नाही वाटत. बोलणाऱ्याचं वाटतं."

तिने विचार केला. खिडकीपर्यंत गेली नाही, बसल्या जागीच केला. मग त्या शब्दावरून आडवी रेघ ओढली, फार दाबून नाही. "तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "बोलणाऱ्याचंच आहे ते. गेल्या वर्षी तुमचा पाय मोडला होता, तुम्ही घरी होतात, तेव्हा मी वाळणे एकटीने केलं ना. रोज वाटायचं तुम्हाला फोन करावा. फोन हातात घेतला की कळायचं, तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. तेव्हा रडू आलं होतं मला, ताई, की एवढं कसं दिलं एका माणसाने. तेव्हापासून तो शब्द मी धरून ठेवला होता. मला वाटलं तुमच्या तोंडून वाचला जाईल तेव्हा तुम्हाला कळेल." ती जरा लाजली. "पण कोशात असलं स्वतःचं घालायचं नसतं. तुम्हीच सांगितलंय."

पेन्सिलीचीच रेघ होती. मी नुसतं त्या शब्दावर बोट ठेवलं असतं तरी तिला कळलं असतं. वर जाऊन सरांना सांगता आलं असतं की माझा कान चुकला, सर काही म्हणाले नसते, खोली अजून रिकामी होती. मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी बोट उचललं नाही. ती अगदी जवळ बसली होती. तिचा कोपर माझ्या कोपराला लागत होता आणि तिने तो काढून घेतला नव्हता.

तिने उरलेलं वाक्य मोठ्याने वाचलं. "एखादी गोष्ट दुसऱ्याला करता येईल असे करणे." कुठल्याही शाळेच्या पुस्तकात सापडेल असं ते वाक्य झालं होतं. "पुरवणीला अजून खूप वेळ आहे," ती म्हणाली, "रोज थोडं थोडं बघू या का?" मी म्हटलं, बघू या. तिने खुर्ची आणखी पुढे ओढली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आता बरं झालं ना, ताई?"

"हो," मी म्हटलं. "आता बरं झालं." आणि मला खरंच बरं वाटत होतं.